फट, रेघ आणि ठसा

मराठीत फट बुजवण्याला शब्दांची ददात नाही. गवंडी विटांमधल्या दर्जा भरतो, सुतार लाकडाच्या खाचेत लांबी भरतो, तांबट गळक्या भांड्याला डाग देतो, रफूगर विरलेल्या कापडात नवे धागे विणतो, आणि खेड्यातील गृहिणी पावसाळा सरला की पडवीच्या भिंतीला मातीचा गिलावा करून वरून पोतेरे फिरवते. काचेच्या तावदानाभोवती जो लगदा लावीत त्याला आमच्या लहानपणी लुकण म्हणत. आता हार्डवेअरच्या दुकानात या साऱ्या कुळाला ‘पुट्टी’ हे एकच नाव मिळाले आहे. पण नाव एक झाले म्हणून धर्म एक होत नाही. विटेला जे धरते ते लाकडाला धरत नाही, आणि लाकडाला जे मानवते ते पत्र्यावरून खपलीसारखे गळून पडते. कशाला काय धरेल हे ज्याला नेमके कळते त्यालाच आपण कारागीर म्हणतो.

धर्मगुरूचा या विद्येशी संबंध काय, असा प्रश्न सुज्ञ वाचकांना पडेल. संबंध गव्हाणीचा आहे. आमच्या धर्मग्रामातील ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातील मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसच्या आहेत. अकरा महिने त्या गवताने भरलेल्या खोक्यात निजतात आणि आगमनकाळात बाहेर काढल्या की एका मेंढपाळाचा हात तरी निखळलेला असतो, नाहीतर उंटाचा पाय तरी. अमरावती धर्मप्रांताच्या या वाशिमच्या बाजूला मूर्ती दुरुस्त करणारा कारागीर शोधावा कुठे? मग एम-सीलची पुडी, पाण्याची वाटी आणि जुनी सुरी घेऊन आम्हीच बसतो. वर्षानुवर्षे असे बसल्याने हातांना थोडेफार ज्ञान आले आहे. सेमिनरीत तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकवतात, पुट्टी शिकवीत नाहीत. ती विद्या गरजेने येते.

हे ज्ञान धर्मग्रामात सर्वांना ठाऊक असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी, उन्हाळ्याच्या सुटीत, नुकतीच नववीची परीक्षा दिलेला एक मुलगा बगलेत पुठ्ठ्याचे खोके घेऊन आमच्याकडे आला. त्याचे वडील हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते. निवृत्तीनंतर ते वाशिमला एका बँकेत पहारेकरी म्हणून लागले, आणि त्या साली फेब्रुवारीत दीर्घ आजाराने त्यांना देवाज्ञा झाली. खोक्यात प्लास्टिकचे एक छोटे विमान होते. आजारपणात वेळ जावा म्हणून त्यांनी ते जोडायला घेतले होते. धडाचे दोन अर्ध चिकटवून झाले होते, पंखही बसवले होते. पुढचे काम तसेच राहिले होते.

“फादर, तुम्ही गव्हाणीतला उंट नीट केला होता ना? मग हेपण करून द्या,” मुलगा म्हणाला.

करून देणार नाही, पण तू करशील तर शेजारी बसू, असे आम्ही त्याला सांगितले.

विमान ‘नॅट’ जातीचे होते. आजच्या मुलांना हे नाव फारसे ठाऊक नसेल, म्हणून दोन शब्द सांगतो. नॅट हे इंग्लंडच्या फॉलंड कंपनीचे लढाऊ विमान. त्याचे पहिले उड्डाण जुलै १९५५ मध्ये झाले. भारताने परवाना घेऊन ते बंगळूरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात बांधले. ३ सप्टेंबर १९६५ रोजी याच विमानातून ट्रेव्हर कीलर यांनी केलेल्या लढतीबद्दल त्यांना सेबर विमान पाडल्याचे श्रेय व वीरचक्र मिळाले. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सेबर विमानांशी एकाकी झुंजताना निर्मलजीत सिंग सेखों याच विमानात धारातीर्थी पडले; हवाई दलाच्या वाट्याला आलेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. नॅटची जी सुधारित भारतीय आवृत्ती निघाली तिचे नाव ‘अजीत’. ती १९९१ पर्यंत हवाई दलात होती, आणि आमच्या मुलाच्या वडिलांची उमेदीची पहिली वर्षे अजीतच्या पोटाखाली पाठ टेकून गेली होती. खोक्यातल्या विमानाचे कारण हेच.

या विमानाचा रचनाकार विल्यम पेटर याच्याविषयीही एक गोष्ट आमच्या वाचकांनी जाणून घ्यावी. नाव आणि कीर्ती हाताशी असताना त्याने विमानांचा व्यवसाय कायमचा सोडला आणि तो कुटुंबासह स्वित्झर्लंडमधील एका धार्मिक समूहात राहायला गेला. युद्धविमाने रेखाटणाऱ्या माणसाच्या मनात कोणती फट पडली होती आणि ती त्याने कशाने भरली, हे त्याचे त्यालाच माहीत. मुलाला आम्ही ही गोष्ट सांगितली तेव्हा तो काही बोलला नाही. पण विमान त्याने जरा जपून हातात धरले.

असल्या प्रतिकृती एकास बहात्तर या प्रमाणात असतात. खरे नॅट मुळातच चिमुकले, पंखांच्या टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटरही नाही. त्याचा बहात्तरावा हिस्सा म्हणजे पंखांचा विस्तार जेमतेम नऊ सेंटिमीटर आणि नाकापासून शेपटापर्यंत बारा. पॉलिस्टायरीन नावाचे प्लास्टिक वितळवून पोलादी साच्यात दाबतात. पोकळ धड एका साच्यात निघत नाही, म्हणून ते डावे आणि उजवे असे दोन भागांत काढतात, आणि घेणाऱ्याने ते चिकटवावे अशी अपेक्षा असते. चिकटवले की विमानाच्या पाठीवरून आणि पोटावरून एक फट जाते. ती अर्ध्या मिलिमीटरची असली तरी तिला क्षुल्लक म्हणू नये. बहात्तरने गुणा: खऱ्या विमानावर ती साडेतीन सेंटिमीटरहून थोडी मोठीच होईल. अशा विमानात कोणता वैमानिक बसेल?

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो आणि सगळे काम त्या भेदावर उभे आहे. प्रतिकृतीच्या अंगावर बारीक रेघाही असतात. खरे विमान पत्र्याचे अनेक तक्ते जोडून बनते. त्या तक्त्यांच्या कडा, तपासणीची झाकणे, इंधनाची तोंडे, या सर्वांच्या रेघा साच्यात मुद्दाम कोरलेल्या असतात. रेघ ही विमानाची असते. फट विमानाची नसते. ती फक्त विमान बनवण्याच्या रीतीतून आलेली असते. नवशिक्याला दोन्ही सारख्याच दिसतात, आणि तो हातात पुट्टी घेऊन फटीबरोबर रेघाही बुजवून टाकतो. मग विमान साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसते आणि त्याची ओळख जाते. म्हणून पहिला आठवडा आम्ही मुलाला पुट्टी हातात घेऊच दिली नाही. त्याने नॅटची छायाचित्रे मिळवली, भिंग घेतले, आणि विमानावरची प्रत्येक रेघ खरी की खोटी ते वहीत लिहून काढले. खोटी फक्त एकच निघाली. ती नाकापासून शेपटापर्यंत पाठीवरून जाऊन पोटाखालून परत येत होती. पंख धडाला मिळतात तिथे दोन्ही बाजूंना थोडी पोकळी होती, ती वेगळी.

आता प्रश्न उरला कशाने भरावे याचा.

मुलाने प्रथम घरी उरलेली भिंतीची पुट्टी आणली होती. ती पांढऱ्या सिमेंटची. भिंत खडबडीत आणि पाणी पिणारी असते, तिला ती धरते. प्लास्टिक पाणी पीत नाही आणि सिमेंटला हात देत नाही. वाळल्यावर बोटाने टिचकी मारली की ती भुकटी होऊन पडते. भर आणि वस्तू यांत काही नाते लागते, हा पहिला धडा तिथेच झाला.

दुसरा उमेदवार म्हणजे मोटारी रंगवणाऱ्यांची नळीतली पुट्टी. परदेशात प्रतिकृतींसाठी म्हणून ज्या पुट्ट्या मिळतात, उदाहरणार्थ जपानच्या तामिया कंपनीची, त्याही याच जातीच्या. त्यात बारीक पूड द्रावकात कालवलेली असते. द्रावक प्लास्टिकचा पृष्ठभाग किंचित मऊ करते, त्यामुळे ती घट्ट बसते. परंतु द्रावक उडून जाते तेव्हा त्याने व्यापलेली जागा रिकामी होते आणि पुट्टी आकसते. आज तोंडोतोंड भरलेली फट चार दिवसांनी पुन्हा खोलगट दिसते. एकदम जाड थर दिला तर वरची साय वाळते, आतले द्रावक कोंडते आणि पातळ प्लास्टिकला खाऊन ते सुरकुतवते. आमच्याकडे मे महिन्यात तर नळीचे तोंड उघडताच साय धरते. म्हणून ही पुट्टी द्यायची तर कागदासारख्या पातळ थरांनी, एक पुरता वाळल्यावर दुसरा. ज्याला घाई आहे त्याने तिच्या वाटेस जाऊ नये.

आकसण्याची ही गोष्ट वाशिमच्या शेतकऱ्याला नवी नाही. आमची काळी कपाशीची जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून अशी फाटते की भेगेत हात जावा. त्याच कारणाने नुसत्या मातीचा गिलावा भिंतीवर कधी टिकत नाही. वाळताना तो चिरफळतो. म्हणून बायाबापड्या मातीत कुटार कालवतात. कुटार आकसत नाही, आणि मातीलाही फारसे आकसू देत नाही. पुट्टीत जी पूड घालतात तिचे कामही तेच. विमान बनवणाऱ्यांचे शास्त्र आणि आमच्या खेड्यातील आजीबाईचे शास्त्र यांत अंतर आहे ते वेष्टनाचे.

आकसणाऱ्या भरीचा दाखला खुद्द प्रभूने दिला आहे. जुन्या वस्त्राला कोऱ्या, न आकसलेल्या कापडाचे ठिगळ कोणी लावीत नाही, कारण ते ठिगळ पुढे आकसून वस्त्रालाच ओढते आणि चीर आधीपेक्षा मोठी होते, असा तो दृष्टान्त मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. प्रवचनांत आम्ही त्याचा अर्थ नव्या व जुन्या कराराच्या संदर्भात सांगत आलो आहोत आणि तो योग्यच आहे. पण हातात पुट्टी असताना वाचला म्हणजे कळते की हे बोलणाराने नाझरेथच्या घरात कपड्यांना ठिगळे लावणारी आई पाहिली होती आणि सुताराच्या हाताखाली काम केले होते.

तिसरा उमेदवार आमचा जुना मित्र एम-सील. यात दोन भाग समसमान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळतात. यातून काहीही उडून जात नाही. दोन्ही भाग एकमेकांशी संयोग पावून घट्ट होतात, त्यामुळे ही भर आकसत नाही. ओल्या बोटाने ती हवी तशी गुळगुळीत करता येते. पंखाच्या मुळाशी जी खोल पोकळी होती तिथे आम्ही हीच वापरली. पण पाठीवरच्या बारीक फटीला ती चालत नाही. एकतर तिची कड पातळ होत नाही, तुटते. दुसरे असे की घट्ट झाल्यावर ती प्लास्टिकपेक्षा कठीण होते. मग पॉलिशपेपरने घासू लागले की कठीण भर जागच्या जागी राहते आणि शेजारचे मऊ प्लास्टिक झिजते. बुजवायला गेलो एक फट आणि पडल्या दोन खळगी, अशी गत होते. एकाचा हट्ट दुसऱ्याची झीज करतो, हे ज्यांनी संसार पाहिले आहेत त्यांना वेगळे सांगायला नको.

चौथा फेविक्विकसारखा क्षणात चिकटणारा डिंक. तो हवेतील ओलाव्याने घट्ट होतो. म्हणूनच आमच्या कोरड्या वैशाखात त्याला वेळ लागतो आणि श्रावणात तो बोट काढायला सवड देत नाही. तो आकसत नाही म्हटले तरी चालेल, आणि फटीत झिरपतो छान. पण त्याच दिवशी, तासा-दोन तासांत घासला तर घासला. रात्र गेली की तोही प्लास्टिकपेक्षा कठीण होतो. त्यावर उपाय म्हणजे त्यात अंगाला लावायची टाल्कम पावडर मिसळणे. पावडरीने तो मवाळ होतो, दुसऱ्या दिवशीही घासता येतो. मात्र वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाजवळ तो वापरू नये. त्याची वाफ झाकणावर बसून ते धुके पडल्यासारखे पांढुरके होते. तिथे साधा पांढरा फेविकॉल बरा. तो वाळला की दिसेनासा होतो आणि वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने पुसताही येतो.

शेवटचा उमेदवार दुकानात मिळत नाही. संचातील सुटे भाग ज्या दांड्यांना लागलेले असतात त्या दांड्या भाग काढून घेतल्यावर लोक फेकून देतात. त्यांचे बारीक तुकडे करून प्लास्टिक जोडायच्या पातळ द्रावात टाकायचे आणि झाकण लावून एक-दोन दिवस ठेवायचे. तुकडे विरघळून मधासारखा लगदा होतो. ब्रशने किंवा काडीने तो फटीत भरायचा. यातलेही द्रावक उडते, तोही आकसतो, दोन-तीन वेळा भरावा लागतो आणि पुरता वाळायला आठवडा जातो. पण वाळल्यावर जे उरते ते त्याच जातीचे प्लास्टिक असते. ते फटीला चिकटलेले नसते, तिच्याशी एकजीव झालेले असते. घासताना ते शेजाऱ्याच्या बरोबरीने झिजते, आणि घासताना एखादी खरी रेघ पुसली गेलीच तर सुईने ती त्याच्यावरून पुन्हा कोरता येते, भर तुटत नाही. पाठीवरच्या फटीसाठी आम्ही दोघांनी याचीच निवड केली. टाकाऊ दांड्या खोक्यात तशाच होत्या. वडिलांनी एकही फेकली नव्हती. फिटरच्या हाताला ते वळण असावे.

द्रावकाचा वास डोक्यात जातो आणि घासलेली भुकटी छातीत, म्हणून सारे काम खिडकीशी बसून आणि पॉलिशपेपर पाण्यात भिजवून करावे, एवढे पालकांसाठी जाता जाता सांगून ठेवतो.

भर घालण्याविषयी जुन्या करारात दोन उल्लेख आहेत आणि दोन्ही आम्हांला त्या दिवसांत वरचेवर आठवत. एक नोहाच्या तारवाचा. त्याला आतून आणि बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा देवानेच दिली. तिथे भर नसती तर आत बसलेल्यांचे प्राण गेले असते. दुसरा यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथातला. लोक कच्ची भिंत उभारतात आणि खोटे संदेष्टे तिच्यावर चुना फासून ती पक्की असल्याचे भासवतात. पाऊस आणि गारा आल्या की भिंत चुन्यासकट कोसळते. वस्तू दोन्हीकडे जवळपास सारखीच: फटीवर लावायचा लेप. एकात ती जोडण्यासाठी लावली आहे, दुसऱ्यात झाकण्यासाठी. इंग्रजीतला ‘सिन्सिअर’ हा शब्द लॅटिनमधील ‘मेणाविना’ या अर्थाच्या शब्दांपासून आला, कारण लबाड शिल्पकार संगमरवराच्या चिरा मेणाने बुजवीत, अशी एक कथा सेमिनरीत लॅटिन शिकताना सांगितली जाते. भाषापंडित ती व्युत्पत्ती मानीत नाहीत. कथा मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण मेणाने भरलेली माणसे प्रत्येक पिढीला भेटत असावीत.

असो. जून संपता संपता पोटाखालची फट भरून झाली. मग पाठीकडे वळलो. शेपटाच्या थोडे पुढे, पाठीच्या डाव्या अंगाला प्लास्टिक किंचित उंच आलेले दिसत होते. आधी ते डिंकाचे ओघळ वाटले होते. मुलाने भिंग धरले आणि तो थांबला. त्यात गोल गोल बारीक रेषा होत्या. तो अंगठा होता.

त्याचा अर्थ उलगडायला वेळ लागला नाही. आजारी माणसाने दोन्ही अर्ध जुळवून द्राव जरा जास्तच लावला असणार. हाताला कंप असेल, म्हणून पक्के धरावे या हेतूने त्याने तिथे अंगठा दाबून ठेवला असणार. खालचे प्लास्टिक मऊ झाले होते. त्याने अंगठ्याचा ठसा घेतला आणि ते तसेच घट्ट झाले.

त्या दिवशी काम पुढे झाले नाही. ठसा राहिला तर विमान सदोष राहणार; घासला तर पाच मिनिटांचे काम. मुलगा आमच्याकडे पाहू लागला, परंतु हा निर्णय आमचा नव्हता. आईला विचार, एवढेच आम्ही सांगितले.

पुढल्या रविवारी मिस्साबलिदानानंतर माऊली स्वतः आल्या. त्यांनी विमान हातात घेतले नाही, दुरूनच पाहिले.

“फादर, ते असते तर त्यांनी हे ठेवलं नसतं,” त्या म्हणाल्या. “कपाटाच्या दाराचा बिजागर जरा वाकडा बसला तरी पुन्हा काढून बसवायचे. विमानावर बोट उमटवणारा फिटर कसला, असंच म्हणाले असते. घासून टाका.”

मुलगा मान खाली घालून म्हणाला, “आई, मला राहू दे असं वाटतं.”

दोघांचेही म्हणणे प्रेमाचेच होते, आणि दोघांचेही खरे होते. जो माणूस आयुष्यभर निर्दोष कामाचा आग्रह धरून जगला, त्याचे स्मारक म्हणून त्याच्या थरथरत्या हाताची खूण ठेवणे हा त्याचा मान की अपमान? आणि ज्या मुलापाशी वडिलांच्या हाताची दुसरी खूण नाही, त्याने ती स्वतःच्या हाताने घासून टाकावी असे त्याला सांगणारे आपण कोण?

लेप द्यावा की न द्यावा हा प्रश्न पोरखेळ नाही, हे आपल्या जिल्ह्याइतके कोणाला ठाऊक असणार? मालेगाव तालुक्यातील शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्राचीन जैन क्षेत्र आहे. तेथील मूर्तीची व्यवस्था आणि तिच्यावरचा लेप यांवरून दोन पंथांतला वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला होता. पुढे १९८१ पासून कित्येक वर्षे मूर्तीचे दार कुलूपबंद राहिले, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडून लेपाचा मार्ग मोकळा झाला. त्या वादात कोणाचे बरोबर हे सांगणे आमचे काम नव्हे. जे पूज्य आहे त्याच्या अंगाला हात लावताना माणसे किती खोल दुखावू शकतात, एवढेच आम्ही त्यावरून घेतो. त्या माऊलीच्या घरात ते बारा सेंटिमीटरचे विमान त्या क्षणी तसेच पूज्य झाले होते.

तोड मुलानेच काढली, आणि तीही भावनेने नव्हे, कामाच्या अंगाने. त्याने विमान खिडकीच्या उजेडात उभे धरले आणि पाठीवरची फट पुढून मागे पाहत गेला. प्रकाश फटीतून आत जात होता, फक्त एका जागी जात नव्हता. ठशाखाली फटच नव्हती. तिथे दाब पुरेसा पडला होता. दोन्ही अर्धांचे मऊ झालेले प्लास्टिक एकमेकांत मिसळून एक झाले होते. सबंध पाठीवर भर घालायची गरज नसलेली तेवढीच एक जागा होती.

“आई, सांधा इथेच पक्का आहे,” तो म्हणाला. “बाकी सगळीकडे पुट्टी लागेल, इथे नाही. बाबांचं काम इथे बरोबर आहे.”

माऊली काही वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “रागावले असते तुझ्यावर.” पण घासून टाक असे पुन्हा म्हणाल्या नाहीत.

मुलाने ठशाच्या पुढची आणि मागची फट विरघळलेल्या प्लास्टिकने तीनदा भरली, तीनदा वाळू दिली, आणि चारशे नंबरपासून बाराशे नंबरपर्यंतचे पेपर पाण्यात भिजवून ती घासली. ठशाच्या कडेशी येताना तो श्वास रोखून धरी. मग राखाडी अस्तर दिले. अस्तर हा फार निष्ठुर परीक्षक आहे. डोळ्याला न दिसलेली प्रत्येक उणीव तो दाखवून देतो. दोन ठिकाणी फट पुन्हा दिसली, ती पुन्हा भरली. पुसल्या गेलेल्या चार रेघा त्याने सुईने पुन्हा कोरल्या. शेवटी रुपेरी रंग दिला. रुपेरी रंगाखाली काही लपत नाही. अंगठ्याची वलये आधीपेक्षा ठळक दिसू लागली.

आम्ही वर भेदाविषयी लिहिले. फट भरावी आणि रेघ राखावी, एवढेच त्या कामाचे शास्त्र आम्हांला ठाऊक होते. ठसा या दोन्हींत बसत नाही. तो विमानाचा नाही आणि साच्याचाही नाही. तो जोडणाऱ्याचा आहे. त्याची सोय पुट्टीच्या शास्त्रात नाही, म्हणून ती आम्हांला शुभवर्तमानात शोधावी लागली. पुनरुत्थित प्रभूचे शरीर वैभवी होते, बंद दारांतून आत येणारे होते. मृत्यूने पाडलेली फट परमपित्याने अशी भरून काढली की तिचा मागमूस उरला नाही. तरीही हातांवरचे खिळ्यांचे व्रण आणि कुशीतली जखम त्याने बुजवली नाही. पित्याच्या सामर्थ्याला ते अशक्य होते म्हणून नव्हे. थोमाने आपल्या गुरूला ओळखले ते त्या खुणांवरून. त्या खुणा पुसल्या गेल्या असत्या तर शरीर कदाचित अधिक निर्दोष दिसले असते, पण ते कोणाचे हे कसे कळले असते?

धर्मगुरूच्या खोलीत पुट्टीपेक्षा मोठ्या फटी रोज येतात. वाटणीवरून न बोलणारे भाऊ येतात, मुलगा गमावलेली आई येते, मुंबई-पुण्याला गेलेल्या लेकरांची वाट पाहणारी म्हातारी येतात. त्यांना काही दिले नाही असे होत नाही. पण काय द्यावे हे निवडावे लागते. वरवर चुना फासणारे शब्द स्वस्त असतात, आणि पहिल्या पावसात जातात. कठीण उपदेश शेजारच्या मऊ जागेची झीज करतो. घाईने दिलेला जाड थर आत ओलाच राहतो. ज्याने त्याच जातीचे दुःख भोगले आहे, विरघळला आहे आणि थोडा थोडा करून पुन्हा पुन्हा येतो, त्याचेच बोलणे अशा घरात धरते, असा आमचा अनुभव आहे. धर्मग्रामातील एखादी विधवा दुसऱ्या नव्या विधवेकडे चार संध्याकाळी नुसती जाऊन बसते तेव्हा जे काम होते ते आमच्या उत्तम प्रवचनाने होत नाही. आणि घरोघरी काही ठसेही असतात: वडिलांचे वाकडे अक्षर, आजीचे ठिगळ लावलेले पांघरूण, भिंतीवर लेकरांची उंची मोजल्याच्या रेघा. रंगरंगोटीच्या उत्साहात ते फटींबरोबर बुजवले जाऊ नयेत.

लोरेटोच्या पवित्र मातेला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली विमान-प्रवाशांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी हवेतून वाहून आणले, ही जुनी श्रद्धा त्यामागे आहे. तिचा सण १० डिसेंबरला येतो. त्या वर्षी त्या दिवशी मुलगा विमान घेऊन आला आणि आम्ही त्यावर आशीर्वादाची प्रार्थना म्हटली. आता ते त्यांच्या घरी वडिलांच्या तसबिरीखाली असते. धूळ पुसण्याचे काम माऊलींनी कोणावर सोपवलेले नाही. नाकापासून पंखांपर्यंत त्या ते फडक्याने पुसतात; पाठीवरचा तो ठसा मात्र आपल्या अंगठ्याने.